लाकडात सुई शिरत नाही

पॅरिसच्या पश्चिमेला, चेस्टनटची झाडं संपतात तिथे
त्यांनी एक काळी भिंत बांधली आहे.
भिंत कसली, तीन बाजूंनी कोंडलेला अंधार,
आतून मखमल लावलेला.
त्याच्यापुढून चालायचं, धावायचं, उडी मारायची.
समोर रुळांवर एक डबा, डब्यात काच,
काचेपुढे फट पाडलेली चकती गरगरते.
मला त्यातलं एवढंच कळतं.
माझं काम शिवणाचं.

काळा अंगरखा, काळी विजार,
काळं टोपडं हनुवटीखाली बांधलेलं,
आणि त्यावर पांढरी फीत:
खांद्यापासून कोपरापर्यंत, कोपरापासून मनगटापर्यंत,
कमरेपासून खाली घोट्यापर्यंत.
सांध्यांवर एकेक चकचकीत गुंडी.
माणूस काढून टाकायचा, चाल तेवढी ठेवायची,
असं डॉक्टर लेग्रीप म्हणतात.

सोमवारी पांढरा घोडा होता. त्याला काही शिवावं लागलं नाही.
बुधवारी मांजर. उलटं धरून सोडलं, पायांवर पडलं.
हे मी त्यांना फुकट सांगितलं असतं.
मनगटावरचा ओरखडा अजून चुरचुरतो.

आणि गुरुवारी आंसेल्म कुर्ताद.
सत्तर सालच्या लढाईत उजवा पाय गेला, गुडघ्याखालचा.
आता कत्तलखान्याच्या फाटकावर पावत्या फाडतो.
मजुरी तीन फ्रँक, वर दुपारचं सूप.
फोटो काढणार म्हणून बायकोनं
खळ घातलेली कॉलर चढवून पाठवलेला, मिशीला मेण.
मी टोपडं ओढलं तेव्हा तो काही बोलला नाही.
आतून हात घालून मिशी तेवढी सारखी केली.

डाव्या पायाची फीत झाली.
उजव्याशी आले आणि अडले.
लाकडात सुई शिरत नाही.
मी तशीच गुडघ्यांवर बसून राहिले, तोंडात दोरा.
तो म्हणाला, "खिळे नाहीत का?"

बुटांचे चार बारीक खिळे मिळाले. हातोडी नव्हती.
कात्रीच्या मुठीनं ठोकले.
दर ठोक्याला डोळे मिटत होते ते माझेच.
तो वर झाडांकडे बघत होता.
"शेवटचा जरा डावीकडे घ्या," म्हणाला,
"तिथे खाजतं."

मग चालला.
काळ्यावर काळा, मला दिसतच नव्हता;
नुसती फीत हलत होती आणि आवाज येत होता,
पाऊल, ठक्. पाऊल,
ठक्.
बारा पावलांत आटोपलं.

शनिवारी काच धुऊन आली.
मोडक्या पंख्याच्या काड्या पसराव्यात तशा रेषा,
कुठे दाट, कुठे विरळ.
डॉक्टरांनी पट्टी लावली. डावीकडे इतकं, उजवीकडे इतकं,
खांदा इतका खचतो.
मी वाकून बघितलं. लाकूड कुठलं, हाड कुठलं,
सांगता येईना.
फिती माझ्याच हातच्या होत्या, तरी.

त्याची बायको ओदिल आली होती,
टोपलीत कांद्याची पात, अंगात रविवारचा कोट.
तिच्या हातात कागदावरची प्रत दिली.
तिनं ती उजेडात धरली, फिरवली, पुन्हा फिरवली.
"कॉलर कुठंय?"
कुणी उत्तर दिलं नाही.
मग तिनं एका टोकाला बोट ठेवलं
आणि रेषांवरून हळूहळू नेऊ लागली,
ओठांतल्या ओठांत: पाऊल, ठक्, पाऊल, ठक्,
जिन्यावर रोज रात्री ऐकते तशी.
आठव्याशी बोट थांबलं.
"इथं दमलास," ती म्हणाली. "आणि कुणाला कळू दिलं नाहीस."
तो खिडकीबाहेरच्या घोड्याकडे बघत राहिला.
डॉक्टरांनी पट्टी उचलली, आठव्यावर पुन्हा ठेवली.
वहीत काहीतरी खोडलं.

खिळे काढायचे राहूनच गेले होते.
चिमटा घेऊन त्याच्यापुढे बसले.
तीन निघाले.
चौथा, डावीकडचा,
राहू दे म्हणाला.